नर्सबाईंच्या सायकलची मोटार

१

बुधवारी सकाळी साडेसहाला भुईगावच्या तेरेसा नर्सबाई चर्चमधल्या पहिल्या मिस्सावरून घरी आल्या, पडवीतल्या सायकलवरची जुनी चादर त्यांनी ओढून काढली, आणि पाहतात तो सायकलवर मोटार नव्हती.

सायकल होती. दिवा होता, रबरी भोंगा होता, बाळंतपणाच्या सामानाची कातडी पेटी मागच्या कॅरिअरला पट्ट्याने बांधलेली होती. पुढच्या चाकावर सहा महिने बसलेली मोटार तेवढी गेली होती. चाकाखाली जमिनीवर सासूबाईंची चहाची बशी होती आणि बशीत तीन बोल्ट होते. तिन्ही पुसलेले.

सासूबाई म्हणजे सालोमीआय. वय अठ्ठ्याहत्तर, आवाज अठ्ठावीस. त्या आवाजाने पाच मिनिटांत निम्मी आळी पडवीत जमली. ज्याने त्याने बशीत डोकावून पाहिले आणि चोर चांगल्या वळणाचा असावा असे मत दिले. कोणी चादर झटकून पाहिली, कोणी विहिरीत वाकून पाहिले. तेरेसाबाईंचे यजमान हिलरी मात्र मिस्सावरून येऊन खालच्या पायरीशीच थांबले होते आणि ओटीच्या कडेला टक लावून पाहत होते.

तेरेसाबाई रडल्या नाहीत. बावीस वर्षे दुसऱ्यांचे रडणे ऐकण्याचा पगार घेतल्यामुळे त्यांना स्वतःची सवय राहिली नव्हती. त्या बसक्या मोड्यावर टेकल्या, दुखरा गुडघा दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाल्या, "आज चार वाजेपर्यंत."

आज चार वाजेपर्यंत काय, हे अख्ख्या आळीला ठाऊक होते.

२

गोष्ट १९५३ सालच्या मे महिन्यातली. तेरेसाबाई मिशनच्या दवाखान्याच्या सुईण. भुईगाव, राजोडी, पाचूबंदर आणि मधल्या वाड्या एवढा त्यांचा मुलूख. गुडघ्याने दगा दिला तेव्हा बोटीवर नोकरीला असलेल्या भावाने, फ्रान्सिसने, परदेशातून एक लहानशी मोटार आणून दिली. सायकलच्या पुढच्या चाकावर ती बसवायची; तिचा रबरी रूळ चाकावर टेकला की चाक फिरे. वेग असा की सालोमीआयच्या कोंबड्या आधी बाजूला होत, मग कंटाळून होईनाशा झाल्या. चर्चच्या चढावर पायडल मारावे लागे. पण गुडघ्याला पुरे होते.

पाच महिने सुखात गेले. मग एका सकाळी पापडीच्या नाक्यावर जमादाराने त्यांना अडवले. दारूबंदीचे दिवस, सायकलच्या दांडीला बाटली बांधलेली पाहून त्याला आशा वाटली. त्याने बूच काढून वास घेतला. आत पेट्रोल निघाले. निराश झालेला जमादार फार बारकाईने पाहतो. त्याला मोटार दिसली.

कायद्याचे म्हणणे अगदी सरळ होते. सायकलला मोटार लावली की ती सायकल राहत नाही. ती मोटारगाडी होते, मालाच्या ट्रकची सख्खी बहीण. मग ट्रकला लागते ते सगळे तिलाही लागते. ठाण्याच्या कचेरीत नोंदणी हवी, पुढेमागे नंबर हवा, विमा हवा, चालवणाऱ्याला परवाना हवा. ब्रेक दोन हवेत आणि ते लागायलाही हवेत. आवाज कोंडणारी नळी पाहिजे आणि आवाज करणारा भोंगाही पाहिजे. सायकलच्या नावाने ग्रामपंचायतीचा पत्र्याचा बिल्ला तेरेसाबाईंनी दरसाल घेतला होता. तो त्यांनी कोर्टात दाखवला. मॅजिस्ट्रेटनी तो उलटसुलट करून पाहिला, छान आहे म्हणाले, आणि परत दिला.

मात्र माणूस दयाळू होता. गुरुवारच्या तारखेपर्यंत नोंदणीची पावती आणा, नाहीतर मोटार सरकारजमा होईल, असे त्यांनी सांगितले. ठाण्याचे निरीक्षक महिन्यातून एकच बुधवार वसईला येत आणि तालुका कचेरीच्या आवारात चारपर्यंत गाड्या तपासत. हा तो बुधवार. आणि मोटार गेली तर फेरीही जाणार होती; पायी एवढी गावे न झेपणाऱ्या सुईणीच्या जागी पहिल्या तारखेपासून मुंबईची तरुण नर्स नेमू, असे दवाखान्याने गोड शब्दांत कळवले होते.

कागद सगळे तयार होते. ते हिलरींनी केले होते, प्रत्येकाच्या तीन प्रती. हिलरी तीस वर्षे वसई कोर्टाचे बेलीफ होते, आता निवृत्त. लोकांच्या दारांवर समन्स चिकटवण्यात हयात गेलेली, त्यामुळे कागदावर त्यांचा जीव. नारळ पडून कौल फुटले तरी ते तक्रार लिहीत.

आता तिन्ही प्रती तयार होत्या आणि ज्याबद्दल त्या होत्या ते नव्हते.

३

साडेनऊला पाचूबंदरची भागूबाई मासळीची पाटी घेऊन आली. भागूबाईचा धंदा मासळीचा, पण हरवलेल्या वस्तू सापडवून देण्यात तिचे नाव होते. यात जादू काही नव्हती. रोज वीस घरांच्या पायऱ्या चढणाऱ्या बाईला कोणाच्या घरी काय नेहमीसारखे नाही हे कळते, एवढेच. शिवाय तिची सून शकू दिवस भरलेली होती. पहिलटकरीण. म्हणजे ही मोटार काही परकी नव्हती.

पाटी उतरवून तिने आधी बशी पाहिली.

"ही बशी कोनाची?"

सालोमीआयने ती आपली असल्याचे आणि चोराच्या हाताने आता बाटल्याचे सांगितले.

"फळीवरची. म्हनजे चोराला सैपाकघर ठावं."

भागूबाईने मग एकेकाला विचारायला सुरुवात केली. तेरेसाबाईंनी काल दुपारी भोंगा वाजवून पाहिला तेव्हा मोटार जागेवर होती. नंतर चादर घातली ती आज सकाळीच काढली. संध्याकाळी सगळी आळी क्रूसापुढच्या लादीनीला, म्हणजे प्रार्थनेला, गेली होती, तासभर घरात कोणी नव्हते. म्हणजे वेळ तीच. लादीन सालोमीआयने सांगितली. तिचा आवाज राजोडीपर्यंत गेला, तेव्हा ती तिथेच होती याला दोन गावे साक्षीदार. अर्थात मोटारीचा तिला मनापासून राग होता, आणि तो तिने लपवलाही नाही. बाईमाणसाने फटफट करत जाणे तिला पसंत नव्हते.

"पण मी घेतली असती तर विहिरीत टाकली असती," ती म्हणाली. "बोल्ट पुसत बसले नसते."

हे सगळ्यांना पटले.

हिलरी लादीनीला उशिरा पोचले होते. हात धुतलेले होते आणि शेजारी बसलेल्या बाईला घासलेटाचा वास आला होता, पण कंदील हिलरीच भरत, त्यामुळे तिने त्याचा काही विचार केला नव्हता. आता हिलरी घरात नव्हते. आळीतल्या ओट्याओट्यांवर डोकावत फिरत होते. तेरेसाबाईंनी सांगितले, सकाळपासून असेच चालले आहे. पोलिसांत चला म्हटले तर नको म्हणतात.

भागूबाईने पाटीवरचा ओला फडका सारखा केला. "नको म्हनतात?"

"म्हणाले, थोडं थांबू."

 सालोमीआयने पुढे केलेला चहा भागूबाईने घेतला, आणि चहा ती दोन घरांपेक्षा जास्त वेळ थांबायचे असेल तरच घेई.

४

पापडीचा सायकलवाला शंकर हत्यारांची पिशवी घेऊन आला होता. निरीक्षकासमोर काही सैल निघाले तर आवळायला तेरेसाबाईंनीच त्याला बोलावले होते. मोटार त्यानेच बसवलेली. तिच्या बोल्टांना बसेल असा पाना साऱ्या वसईत एकच, आणि तो त्याच्या दुकानात, असे तो स्वतःच सहा महिने सगळ्यांना सांगत आला होता. आज आळीने ते त्याला परत सांगितले.

शंकरने बशीतला एक बोल्ट उचलून भागूबाईसमोर धरला. डोक्याच्या कडा चेपल्या होत्या.

"हे पान्यानं नाही काढलं. पक्कडीनं काढलंय. माझ्या हातनं असं झालं तर मी दुकान बंद करीन."

"पक्कड कोनाकडं असते?"

"सगळ्यांकडे. यांच्याकडे पण आहे, खिडकीत."

राहिला गंगाराम. गंगारामची बैलगाडी. मोटार येण्याआधी लांबच्या बाळंतपणांना तेरेसाबाई तीतूनच जात. मोटार आली आणि गंगारामचे ते भाडे बुडाले. त्याने बोलून दाखवले होते की यंत्राला भूक लागली तर ते रस्त्यात उभे राहते, बैल निदान पुढच्या गवतापर्यंत तरी जातो. आळीचा संशय त्याच्यावर पक्का होता. दहाला तो स्टेशनावरून रिकामी गाडी घेऊन परतला तेव्हा चारपाच जण रस्त्यात आडवे उभे होते.

गंगाराम बैलांना पाणी दाखवत म्हणाला की त्याला काही माहीत नाही, आणि माहीत असते तरी एवढ्या माणसांना एकदम सांगितले नसते.

भागूबाई पुढे झाली. तिने मोटारीचे नावसुद्धा काढले नाही. आज कोणाकोणाचा माल नेला, एवढेच विचारले.

इथे आळीची रीत सांगायला हवी. इथल्या वाड्यांतली विड्याची पाने रोज मुंबईला जातात. पाने वेताच्या करंडीत भरायची, वरून केळीची पाने घालायची, केळीच्याच सुक्या सोपटाने बांधायची, कानाला आपल्या घराच्या रंगाची चिंधी लावायची आणि करंडी पहाटे पायरीपाशी ठेवून द्यायची. गंगाराम उजाडताना येतो आणि पायरीशी जे दिसेल ते उचलतो. हाक मारत नाही, विचारत नाही, बघत नाही. आजोबांच्या काळापासून असेच आहे. स्टेशनात सगळ्या करंड्या त्याच्याच नावावर चढतात.

गंगारामने घरे सांगितली. बेनेडिक्टच्या चार, चंद्रकांताच्या दोन, पलीकडच्या आळीच्या सात.

"आनि हितली?"

"एक. लाल चिंधीची."

सालोमीआय ओटीवर होती. "आमची? आमची पानं मंगळवारी आणि शुक्रवारी. काल गेली. आज बुधवार आहे, मेल्या."

५

 गंगारामने बैलाच्या पाठीवरून हात काढला. त्याला आता आठवले की करंडी जड होती. म्हातारीने नारळ घातले असतील, असे त्याला वाटले होते.

हिलरी फाटकाशी येऊन उभे होते. भागूबाई त्यांच्याकडे न बघता तेरेसाबाईंशी बोलू लागली.

"बाई, चोर असता तर सायकल सोडली नसती, सायकल न्यायला सोपी. राग असता तर मोडली असती. हिथं कोनीतरी मोटार सांभाळून उतरवली. बोल्ट हरवू नयेत म्हनून बशीत ठेवले, म्हनजे परत बसवायचे होते. घरातली बशी, घरातली पक्कड. आनि घरातली करंडी, लाल चिंधीची. हाताला वास राहिला तो घासलेटानं धुतला. सालोमीआयनं केलं नाही, तिला बुधवार ठावा. वाडीत जन्म काढलेला कोनीबी बांधलेली करंडी पायरीशी ठेवनार नाही, ती गेलीच म्हनून समजायची. हे त्यानंच केलं, ज्यानं आईला दर खेपेला करंडी बांधताना बघितलं, पन उभ्या जन्मात एक उचलून ठेवली नाही."

मग ती हिलरींकडे वळली.

"बेलीफसाहेब, गेल्या साली तुमची कोंबडी हरवली तवा तुम्ही ठान्यापर्यंत अर्ज केलात. आज मोटार गेली तर म्हनता थांबू. का म्हनून?"

हिलरींनी टोपी काढली. तीस वर्षे त्यांनी लोकांना उत्तर द्यायला बोलावले होते. द्यायची वेळ ही पहिली.

"खोटी फिर्याद हा गुन्हा आहे," ते म्हणाले.

मग हळूहळू सगळे बाहेर आले. तेरेसाबाई म्हणत होत्या, वसईपर्यंत मी मोटारीवरच जाणार. हिलरींनी वकिलांकडून कायद्याचे पुस्तक आणून वाचले होते. नोंदणी नसलेली मोटारगाडी रस्त्यावर आणायची नाही. नोंदणीसाठी ती निरीक्षकापुढे आणायची. आणि दोन्हींच्या मध्ये पापडीचा नाका, आणि नाक्यावर जमादार. दुसऱ्यांदा सापडली असती तर तपासणी राहिली बाजूला, मोटार तिथेच जप्त. तात्पुरता नंबर घेण्याची सोय पुस्तकात होती, पण तीही ठाण्यालाच. विचार करून त्यांनी कायदेशीर वाट काढली. मोटार उतरवली की सायकल ही सायकल. सायकल रस्त्यावर चालते. आणि सायकलवेगळी मोटार म्हणजे नुसते सामान. ते गंगारामच्या गाडीतून येऊ शकते. तेल गळू नये म्हणून केळीची पाने. सकाळी चटकन हाताशी यावी म्हणून पायरी. मिस्सावरून आल्यावर बायकोला सांगायचे ठरले होते.

"करंडी कोणीतरी चोरली असं मला वाटलं," ते म्हणाले. "शोधत होतो."

तेरेसाबाई मोड्यावरून उठल्या.

"तीस वर्षं लोकांच्या दारांवर कागद लावलेत. घरात मला तोंडानं सांगायला काय झालं?"

"तू नको म्हणाली असतीस."

"म्हणाले असते. मग भांडलो असतो. मोटार घरात राहिली असती."

 गंगारामने कमरेची पिशवी सोडून रेल्वेची पावती काढली. साडेबाराच्या गाडीला करंड्या चढणार होत्या, आणि स्टेशन पाच मैलांवर. बैल नुकतेच पाच मैल येऊन उभे होते.

शंकरने पावती आणि बशीतले बोल्ट खिशात घातले, कातडी पेटी सोडवून तेरेसाबाईंच्या हाती दिली, पडवीतली सायकल बाहेर काढली आणि तिच्यावर टांग टाकली. त्या क्षणी ती सायकल पूर्णपणे कायदेशीर होती.

६

दीड वाजता गंगारामची गाडी कचेरीच्या आवारात पोचली. आत तेरेसाबाई, हिलरी, तिन्ही प्रती आणि भागूबाई. पाटीतली मासळी भागूबाईने सालोमीआयच्या हवाली केली होती. शंकर वडाखाली बसला होता. करंडी त्याच्यापुढे होती, लाल चिंधीची, आणि तिच्याखालची माती भिजलेली होती.

पानांच्या करंड्या स्टेशनात उन्हात ठेवत नाहीत, आणि ठेवल्या तर दर अर्ध्या तासाला वरून पाणी मारतात. पाणी मारणाऱ्याने आपले काम चोख केले होते. इतर सगळ्यांच्या पानांसारखी मोटारही टवटवीत झाली होती.

शंकरने ती बसवली, बोल्ट आवळले. तेरेसाबाईंनी आवारात पायडल मारून पाहिले. मोटारीने एक उसासा टाकला आणि पन्हळीसारखे पाणी सोडले. मग शंकरने तिचे भाग सुटे करून हिलरींच्या धुतलेल्या रुमालावर उन्हात मांडले. हिलरी त्यांच्याजवळ उकिडवे बसून टोपीने वारा घालू लागले. कोणी सांगितले नव्हते.

निरीक्षक जेवून अडीचला आले. दोन ट्रक, एक बस, एका सावकाराची जुनी फोर्ड. साडेतीनला त्यांनी हाक मारली तेव्हा शंकर अजून प्लग फुंकत होता. पावणेचारला त्यांनी घड्याळ काढले. भागूबाई त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली आणि त्यांचे गाव कोणते, तिथे बोंबील मिळतात का, ताजे की सुके, अशी चौकशी करू लागली. निरीक्षक कोकणातले निघाले. पाच मिनिटे गेली.

चार वाजायला सात मिनिटे असताना मोटार फुटफुटली.

तेरेसाबाईंनी आवाराला तीन फेऱ्या मारल्या. पुढचा ब्रेक लागला, मागचाही लागला. भोंगा वाजला. निरीक्षकांनी छापील फॉर्म भरला. चाके दोन. बसणारे एक. पायडलांसाठी रकाना नव्हता, तेव्हा त्यांनी पायडलांकडे पाहायचे टाळले. चालवायचा परवाना आणि गाडीची पावती त्यांनी तिथल्या तिथे सही करून दिली.

"नंबर ठाण्याहून येईल. आठ दिवस लागतील. तोवर रस्त्यावर आणू नका."

ते गेले. पावती हातात होती. उद्या कोर्टात मोटार सुटणार, फेरी राहणार. तेरेसाबाईंनी पावती दोनदा वाचली. हिलरींनी पिशवीतून पक्कड काढली आणि मोटार पुन्हा उतरवायला ते तिच्यापाशी गेले.

"ऱ्हाऊ द्या," भागूबाई म्हणाली. "शकूची कंबर पहाटेपासून धरलीय."

तेरेसाबाई गर्रकन वळल्या. "आणि तुम्ही आता सांगताय?"

"पहिलटकरीन. सांजेच्या आत काय होत न्हाई, मी सात काढलीत. सकाळी सांगितलं असतं तर तुम्ही पायी धावला असता, आनि मोटार गेली असती दादरला. आता मात्र निघा."

गंगारामचे बैल वडाखाली बसले होते आणि उठण्याचा त्यांचा विचार दिसत नव्हता. पाचूबंदर दोन मैल. तेरेसाबाईंनी गुडघ्याकडे पाहिले, मग नवऱ्याकडे.  आवाराच्या फाटकाबाहेर, सरकारी रस्त्यावर, जमादार उभा होता. पापडीहून तो आज मुद्दाम इथे आला होता.

हिलरींनी पक्कड पिशवीत ठेवली. कातडी पेटी कॅरिअरला बांधली, पट्टा ओढून पाहिला. तेरेसाबाई बसल्या. हिलरींनी मागून दोन्ही हात लावले आणि फाटकातून थेट रस्त्यावर, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, सायकल ढकलत धावले. दहाव्या पावलाला मोटार सुरू झाली.

मग ते धापा टाकत जमादारापाशी आले आणि त्याच्यापुढे अगदी जवळ उभे राहिले.

"लिहून घ्या," ते म्हणाले. "नंबर नसलेली मोटारगाडी सार्वजनिक रस्त्यावर आणण्यास मदत. आरोपी हिलरी, हुद्दा निवृत्त बेलीफ. मी ढकलली."

जमादाराने वही काढली. ढकलणाऱ्याला कोणते कलम लागते हे त्याला माहीत नव्हते. हिलरींनी ते सांगितले, मग त्यातला अपवाद सांगितला, मग अपवाद इथे का लागू होत नाही ते सांगितले. जबाबातले दुसरे वाक्य त्यांना मोघम वाटले. ते त्यांनी खोडायला लावले आणि खोडलेल्यावर सही केली. मोटारीचा आवाज बंदराच्या दिशेने बारीक होत गेला.

"गाडी कुठं गेली?" जमादाराने मध्येच विचारले.

"पाचूबंदर, भागू कोळणीचं घर," हिलरी म्हणाले. सरकारी नोकराला त्यांनी आयुष्यात खोटे सांगितले नव्हते. "पण जबाब अर्धा सोडून तुम्हाला जाता येत नाही. अजून मला तो वाचून दाखवायचाय तुम्ही. सावकाश वाचा, मला थोडं कमी ऐकू येतं."